नानीचा प्रश्न आणि साबणाचा फेस

माजिवड्याच्या आमच्या घरात बाजारचा साबण आला की नानी आधी विचारायची, ‘चरबी कशाची?’ हा प्रश्न एकट्या मुसलमान घरातला नव्हता. विलायती साबणात जनावरांची चरबी असे. गाईची असेल तर हिंदूला नको, डुकराची असेल तर आम्हाला. १९१८ साली मुंबईच्या अर्देशिर गोदरेज यांनी निव्वळ वनस्पती तेलांचा ‘चावी’ साबण काढला. दोघांची पंचाईत एका पारशाने सोडवली म्हणायची!

पण तेल बदलले की फेसही बदलतो. चरबीचा फेस दाट, टिकणारा. खोबरेलाचा भराभर येतो, तसाच विरतो. मात्र खाऱ्या पाण्यातही येतो. खाडीकाठच्या माणसाला त्याचे मोल कळेल.

पुढे कृती आली. कारखान्यात मिश्रण उकळून त्यात मीठ घालतात. साबण वर येतो, ग्लिसरीन खालच्या पाण्यात उतरते. अम्मा खोबरेलात कॉस्टिकचे पाणी घालून चुलीशिवायच घोटायची, त्यामुळे ग्लिसरीन वडीतच राही. पण वड्या महिनाभर सुकवाव्या लागत. आम्हा पोरांना धीर कुठला? ओली वडी चोळली की हात बुळबुळीत, फेस नावाला.

नानी मात्र महिना मोजायची. वडी हातात घेऊन आधी वास घ्यायची, मग पाणी लावायची.