बंदोबस्त-खर्च

सभा, संमेलने, मिरवणुका आणि क्रीडासामने यांच्या पोलीस बंदोबस्तावर होणारा खर्च. मनुष्यबळाचे वेतन व भत्ते, वाहने, इंधन, निवास-भोजन, अडथळे आणि श्वान व बॉम्बशोधक पथके यांचा त्यात समावेश होतो. साप्ताहिक सुट्ट्या रद्द होणे व ठाण्यांतील तपास रेंगाळणे हा भार मात्र हिशेबात दिसत नाही.

उदाहरणार्थ, वर्धा जिल्ह्यात बंदोबस्ताची आखणी पोलीस अधीक्षक करतात. मोठ्या प्रसंगी शेजारच्या जिल्ह्यांतून कुमक, राज्य राखीव पोलीस दल व गृहरक्षक दल यांची मदत घेतली जाते. अशा मोठ्या प्रसंगांपैकी, फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्धा शहरात ९६ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि विद्रोही साहित्य संमेलन एकाच सुमारास भरले. तर २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्यातील स्वावलंबी मैदानावर पंतप्रधानांचा कार्यक्रम झाला.

शासकीय कार्यक्रम, सण व राजकीय सभांचा खर्च सामान्यतः सरकारी तिजोरीतून होतो. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ नुसार अर्जदाराच्या खर्चाने जादा पोलीस देता येतात. व्यावसायिक क्रिकेट सामन्यांना शुल्क आकारले जाते. मुंबईतील सामन्यांच्या शुल्काची थकबाकी वादग्रस्त ठरली. २०२३ मध्ये शासनाने या शुल्काचे दर २०११ पासून पूर्वलक्षी प्रभावाने घटवले; त्याला मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकेद्वारे आव्हान देण्यात आले. इंग्लंडमध्ये लीड्स युनायटेड या फुटबॉल क्लबच्या खटल्यात (२०१३) मैदानाबाहेरील सार्वजनिक रस्त्यांवरील बंदोबस्ताचे शुल्क क्लबकडून घेता येत नाही, असा निर्णय झाला.