शहर कुठे संपते? हर्णे बंदरावरून एक प्रश्न

१/ सुवर्णदुर्गासमोर, हर्णे बंदराच्या वाळूवर मासळीचा मोठा लिलाव भरतो. या गजबजलेल्या गावाला शहर म्हणावे काय? याचा निवाडा डोळे नव्हे, जनगणनेची व्याख्या करते.

२/ नगरपालिका वा महानगरपालिका असलेली वस्ती कायद्यानेच शहर ठरते. इतरांना तीन कसोट्या : किमान ५,००० लोकसंख्या, दर चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसे आणि कमावत्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या व्यवसायांत.

३/ मग मासेमारी कोणत्या बाजूला? १९६१ व १९७१ मध्ये ती बिगरशेती मानली गेली. १९८१ मध्ये या कसोटीपुरती शेतीत धरली गेली. होड्या त्याच, जाळी तीच, रकाना बदलला.

४/ वर्सोव्याच्या कोळीवाड्याला मात्र ही कसोटी लागत नाही. १९५० व १९५७ च्या सीमाविस्तारांत मुंबई दहिसर-मुलुंडपर्यंत पोहोचली आणि तो महापालिकेच्या हद्दीत आला.

५/ पुढे शहर त्या हद्दीतही मावेना. १९७१ पासून जनगणना सलग पसरलेली नागरी वस्ती ‘नागरी समूह’ म्हणून एकत्र मोजते. २०११ मध्ये बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीत सुमारे १.२४ कोटी लोक होते. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई आदी धरून समूहात १.८४ कोटी. खाडीपलीकडचे वसई-विरार वेगळे मोजले गेले.

६/ म्हणून नागरीकरणाचे आकडे ताडताना आधी पाहावे : माणसे हलली, की व्याख्या? आणि मोजले कोणाला? व्यवसायाची कसोटी केवळ पुरुषांची आहे. मासळी सुकवणाऱ्या, विकणाऱ्या स्त्रिया तिच्यात कुठेच नाहीत.