दामदुपट : शास्त्र, सरकार आणि सावकारी

ता. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं घरें गांठून कर्जरोखे जाळले. त्यांचा राग माणसांपेक्षां कागदांवर अधिक होता. या रागाचें मूळ शोधूं गेल्यास थेट धर्मशास्त्रापर्यंत जावें लागतें.

याज्ञवल्क्यस्मृति तारणी कर्जास दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग व्याज सांगते. परंतु अरण्यांतून जाणाऱ्या ऋणकोस दरमहा शेंकडा दहा व समुद्रावर जाणाऱ्यास वीस. जेथें बुडण्याचें भय मोठें, तेथें व्याजही मोठें. बाजाराचा हिशेबच स्मृतिकारानें धर्म म्हणून नोंदला. मात्र त्यानें व्याजास मर्यादाही घातली : सोन्याचें ऋण दुपटीपलीकडे व धान्याचें तिपटीपलीकडे वाढूं नये. पैशाच्या व्यवहारांत हाच दामदुपटीचा नियम होय.

पेशवाईंत कर्जाचे तंटे पंचायतीपुढें जात. वसुलीसाठीं सावकारास गांवाची मर्जी राखावी लागे. तेव्हां हा नियम सहज पाळला जाई. इंग्रजी अमलांत सारा ठरल्या हप्त्यानें रोख भरावा लागूं लागला, आणि वसुलीस गांवाऐवजीं दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा पुरेसा झाला. १८५५ सालीं व्याजदराची कायदेशीर कमाल मर्यादाही उठली.

मुंबई इलाख्यांतील कोर्टें हिंदु ऋणकोपुरता दामदुपटीचा नियम मानीत. परंतु १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानें साध्या रोख्यावरील दाव्यास तीनच वर्षें दिलीं. कायद्याचा हेतु ऋणकोचें रक्षण हा होता, घडलें उलट. मुदत संपण्यापूर्वीं सावकार नवा रोखा लिहून घेई व थकलेलें व्याज नव्या मुद्दलांत मिळवी. शंभराचे दोनशें झाले, तरी कागदावर तें सारें मुद्दलच! नियम शाबूत राहिला. त्याचा आधार तेवढा गेला.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाला भाव होता आणि कर्जही सहज मिळे. युद्ध संपल्यावर भाव उतरला, फेरआकारणींत सारा वाढला आणि सावकारानें हात आंखडला. सुप्यास पेटले ते हेच रोखे.

१८७९ च्या दख्खनच्या शेतकऱ्यांविषयींच्या कायद्यानें रोख्यामागील व्यवहार आरंभापासून तपासण्याचा अधिकार कोर्टास दिला. पुढें १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें मुद्दलाहून अधिक थकलेलें व्याज देवविण्यास मनाई केली, आणि तीही ऋणकोचा धर्म न विचारतां. शास्त्राची मर्यादा अशा रीतीनें सरकारी कायद्यांत आली. पण त्यापूर्वीं शेतकऱ्याच्या कित्येक जमिनी सावकाराच्या नांवावर चढल्या होत्या.