लॅपटॉप प्रोसेसर

लॅपटॉप प्रोसेसर हा कमी वीज वापरेल व कमी तापेल अशा रीतीने रचलेला, सुवाह्य संगणकातील सूक्ष्मप्रक्रियक होय. डेस्कटॉपमधील प्रोसेसरहून तो प्रामुख्याने उष्णतेच्या मर्यादेत भिन्न असतो. नावावरून मात्र हे सहसा उमगत नाही. इंटेलच्या सातव्या पिढीतील ‘कोअर आय७-७५००यू’ या लॅपटॉप प्रोसेसरला २ कोअर व १५ वॉटची औष्णिक मर्यादा होती, तर त्याच पिढीतील डेस्कटॉपच्या ‘आय७-७७००’ला ४ कोअर व ६५ वॉटची. ‘आय७’ मात्र दोन्हीही.

लॅपटॉपच्या पातळ पेटीत मोठा पंखा मावत नाही. तापमान मर्यादेला पोहोचले की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. त्यामुळे जाहिरातीतील कमाल वेग थोडाच वेळ टिकतो. पंखा खोलीतलीच हवा खेळवीत असल्याने नवी मुंबईसारख्या उष्ण, दमट शहरात वातानुकूलन नसलेल्या खोलीत ही वेळ लवकर येते. याच शहरात ऐरोली, महापे येथील डेटा सेंटरांत सर्व्हर प्रोसेसर थंड राखण्यासाठी स्वतंत्र शीतकरण यंत्रणा असते.

बहुतेक आधुनिक लॅपटॉपांत प्रोसेसर मदरबोर्डवर सोल्डर केलेला असतो, त्यामुळे तो पुढे बदलता येत नाही. म्हणून खरेदीपूर्वी क्रमांकाअखेरचे अक्षर पाहणे इष्ट: इंटेलच्या नामपद्धतीत ‘यू’ अल्प वीजवापर, तर ‘एच’ अधिक कार्यक्षमता दर्शवते.