खंडेनवमीची विटकर आणि जपानी तलवारीचा गंज

खंडेनवमी आठवड्यावर आली. आपल्या जळगाव जामोद भागात ज्या घरांत जुनी तलवार, कट्यार नाहीतर भाल्याचं एखादं पातं शिल्लक आहे, तिथे ते आता माळ्यावरून खाली येईल. विटकरीचा भुगा, चिंचेचा कोळ, राख, जे हाताला येईल त्याने घासलं जाईल, पात्यात चेहरा दिसेपर्यंत. मग हळदकुंकू, झेंडूचं फूल, नैवेद्य. पूजा जरूर व्हावी. आमचं भांडण पूजेशी नाही, विटकरीशी आहे.

आमच्या आजोळी सरळ पात्याची एक तलवार होती. पाठीकडच्या बाजूला अक्षरं आहेत असं आजी सांगायची. घासायचं काम आम्हा पोरांकडे. पुढे आम्ही तत्त्वज्ञान शिकून, पदवी घेऊन परत आलो आणि भिंग लावून ती अक्षरं शोधू लागलो, तर पातं आरशासारखं कोरं. कारागिराचं नाव होतं की मालकाचं, मराठी होतं की फारसी, आता कुणी सांगू शकणार नाही. पुसणाऱ्या हातांत आमचेही हात होते.

याचं महत्त्व आम्हाला खरं कळलं ते जपानी तलवारींविषयी वाचताना. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या एका खुंटीवर बसवलेली असते. खुंटी काढली की मूठ निघते आणि आत पात्याचा शेपटीसारखा भाग दिसतो, त्याला ते 'नाकागो' म्हणतात. लोहाराची सही तिथे, मुठीच्या आत, म्हणजे लढणाऱ्याला एरवी दिसणारही नाही अशी! पात्याला झिलई देणारे कारागीर दिवसचे दिवस खपतात, पण नाकागोवरच्या गंजाला बोट लावत नाहीत. त्या गंजाच्या रंगावरून, पोतावरून पात्याचं वय पारखतात. गंज खरवडला की तलवारीची किंमत उतरली. आपण ज्याला मळ समजतो, त्याला ते साक्षीदार समजतात.

म्हणून तिकडे सगळं खरंच असतं असं समजू नका. नामवंत लोहारांच्या खोट्या सह्या जपानात हव्या तितक्या. शिवाय लांब तलवारी पुढच्या काळात आखूड केल्या गेल्या, त्या शेपटीकडून कापल्या, म्हणजे सहीच गेली. मग क्योतोच्या होनामी घराण्यातल्या पारख्यांनी लोखंड, घडण आणि धारेवरची नक्षी बघून कर्ता ठरवायचा आणि तसा दाखला द्यायचा. १७१९ मध्ये शोगुन योशिमुनेसाठी याच घराण्याने नामांकित तलवारींची यादी केली. आपल्याकडे त्या सुमाराला बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून सनदा घेऊन परतत होते. तलवारी आपल्याकडेही उत्तमोत्तम होत्या. त्यांची वही नव्हती.

आपल्या तलवारीची बांधणीच वेगळी. मूठ राळ-लाख भरून पात्यावर बसवतात. तापवली की सैल होते. त्यामुळे पातं एकाचं, मूठ दुसऱ्याची, म्यान तिसऱ्याचं, हे नेहमीचं. मिलिंद राजाला नागसेनाने विचारलं होतं, रथ म्हणजे नेमकं काय, चाक की आस की जू? आमची सगळी हयात हा प्रश्न वर्गात शिकवण्यात गेली. पण तो हातात धरून बघायचा असेल तर मराठी तलवार घ्यावी.

नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार घ्या. ही आपल्या वऱ्हाडाला जवळची. एप्रिल २०२५ मध्ये ती लंडनच्या सदबीज लिलावात आली, महाराष्ट्र शासनाने ती ४७.१५ लाख रुपयांना मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोहोचली. पातं युरोपी, सरळ, एकधारी. मूठ मात्र आपल्याकडची, मुल्हेरी घाटाची, सोन्याच्या नक्षीची. आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी लेख: रघोजी भोसले, सेनासाहेब सुभा, आणि पुढे शब्द, 'फिरंग'. मालकानेच लिहून ठेवलंय की पातं फिरंग्याचं आहे. लाज नाही, लपवाछपवी नाही. चांगलं पोलाद मिळालं, घेतलं, आपली मूठ बसवली, आपलं नाव घातलं. आज शुद्ध स्वदेशी तलवारीच्या गप्पा मारणाऱ्यांनी तो एक शब्द वाचावा.

ती इंग्लंडला गेली कशी? १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर नागपूरची लूट झाली, तेव्हा गेली असावी असा अंदाज आहे. त्याआधी २९ नोव्हेंबर १८०३ ला आपल्या पूर्वेला, तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला वेलस्लीने भोसले-शिंद्यांच्या फौजेला हरवलंच होतं, आणि पंधरवड्यात गाविलगडही पडला. आमचा मुद्दा एवढाच की तो लेख शाबूत राहिला म्हणून ही तलवार रघूजींची असं आपण म्हणू शकतो. तीच तलवार आमच्या आजोळी असती, तर आज नुसती एक जुनी तलवार असती.

बंदुकीचंही असंच. १५४३ मध्ये पोर्तुगीज माणसं जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरली, त्यांच्याजवळ तोड्याच्या बंदुका होत्या. त्या बंदुकांच्या चापाची घडण पोर्तुगीजांच्या गोवा-मलाक्काकडच्या कारखान्यांतल्या बंदुकांशी जुळते असं बरेच अभ्यासक मानतात. जपानी लोहारांनी ती घडण उचलली आणि पुढे बंदुकीलाच लोक 'तानेगाशिमा' म्हणू लागले. आपण पात्याला फिरंग म्हटलं, त्यांनी बंदुकीला बेटाचं नाव दिलं.

आता सगळ्यात चटका लावणारी गोष्ट. १८७६ मध्ये जपानच्या सरकारने सैन्य-पोलीस सोडून इतरांना कमरेला तलवार लावायला बंदी केली. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या राजवटीत आपल्याकडे हत्यारांचा कायदा आला. दोनच वर्षांचं अंतर. तिकडे बंदी घरच्या सरकारची, इकडे परक्याची. १९४५ च्या पराभवानंतर अमेरिकी फौजेने जपानी तलवारी सरसकट जप्त करायला घेतल्या. किती वितळल्या, किती सैनिकांच्या सामानातून गेल्या! तेव्हा होनमा जुन्जींसारखे जाणकार पुढे आले आणि त्यांनी समजावलं की ही कला आहे. त्यातूनच १९४८ मध्ये तलवारी जपणारी संस्था निघाली. आज तिथे जुन्या तलवारीचा नोंदणी-कागद प्रांताचं शिक्षण मंडळ देतं, आणि तो कागद माणसाचा नसतो, तलवारीचा असतो. मालक बदलला तरी कागद तिच्याबरोबर जातो. आपल्याकडे जुनं पातं सापडलं की आधी पोलीस ठाणं आठवतं. (हशा)

हसू नका, ही भीती खरी आहे. भीतीपोटी कित्येकांनी वाड्यातली हत्यारं विहिरीत टाकली, कित्येकांनी भंगारात घातली. म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यातच, जुन्या घाटाची किंवा पुराणवस्तू म्हणून मोलाची, आणि दुरुस्त करूनही बंदूक म्हणून चालणार नाही अशी हत्यारं वगळलेली आहेत. दुसरी, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपलीकडची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. कुणी व्यापारी 'परदेशात चांगला भाव आहे' म्हणाला तर सावध. ठासणीची बंदूक असेल, तर मात्र ती चालते की नाही हे स्वतः ठरवू नका, जाणकाराला विचारा.

आणि घरी करायचं काय? मऊ कापडाने धूळ पुसा. शिवणयंत्राचं पातळ तेल बोटभर लावा, जास्तीचं टिपून घ्या. खिडकीजवळ तिरप्या उजेडात पात्याच्या दोन्ही बाजूंचे आणि पाठीचे फोटो काढा. घरात कुणाकडून आली, कुणी काय सांगितलं, ते वहीत लिहा, ऐकीव असेल तर ऐकीव म्हणून. पात्यावर असदुल्ला इस्फहानी असं नाव दिसलं तर हुरळून जाऊ नका. तो एक माणूस सात जन्मांत घडवणार नाही इतक्या पात्यांवर ते नाव आहे. पण खोटी खूणसुद्धा कुणीतरी कधीतरी काही कारणाने मारलेली असते, म्हणजे तीही पुरावाच.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून अडकित्ते, दिवे, हत्यारं अशा हजारो वस्तू जमवल्या आणि पुढे शासनाला देऊन टाकल्या. आम्ही तुम्हाला तेवढं करायला सांगत नाही.

परवा एका विद्यार्थ्याने आम्हाला मोबाइलवर घरच्या तलवारीचा फोटो दाखवला. पात्यावर समोरासमोर दोन दातेरी चंद्रकोरी. अशी खूण युरोपी पात्यांवर असते आणि आपल्याकडच्या लोहारांनी तिची नक्कलही भरपूर केली आहे. खरी की नक्कल, ते फोटोवरून कळेना. आम्ही म्हटलं, येतो बघायला, तोवर हात लावू नकोस. तो गप्प झाला. आईने विटकर कुटून ठेवली होती.