रुतलेल्या मळसूत्राची पूर्वपीठिका

मोटारीच्या ब्रेकची झिजलेली चकती बदलणे हे काम वरवर पाहता अवघड नाही. चाक उतरवावे, चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा कॅलिपर सोडून बाजूस टांगून ठेवावा, जुनी चकती ओढून काढावी आणि नवी बसवावी. परंतु पुष्कळ गाड्यांत या शेवटच्या पायरीच्या अगोदर एक लहानसा अडथळा उभा असतो. चकतीच्या मध्यभागी, तिला चाकाच्या तुंब्याशी, म्हणजे गॅरेजात ज्याला हब म्हणतात त्याच्याशी, जखडणारे एकदोन स्क्रू बसवलेले असतात. त्यांची जाडी अवघी 6 मिलिमीटर. पाचसात पावसाळे काढलेल्या गाडीचे हे स्क्रू सुटता सुटत नाहीत. मेस्त्री जोर करतो, पेचकस खाचेतून उसळतो, खाचेच्या कडा झिजतात आणि पाहता पाहता स्क्रूचे डोके गुळगुळीत होते. मालक मेस्त्रीला दोष देतो, मेस्त्री गंजाला. आमच्या मते या फिर्यादीतील खरा प्रतिवादी हजरच नसतो. हा दोष गॅरेजात उत्पन्न होत नाही. त्याचे मूळ मळसूत्राच्या डोक्याच्या इतिहासात आहे, आणि तो इतिहास तपासल्यावाचून न्याय होणार नाही.

मळसूत्र ही कल्पना फार प्राचीन आहे. पाणी वर चढवण्याचे फिरते मळसूत्र आर्किमिडीजच्या नावाने ओळखले जाते, आणि द्राक्षे व ऑलिव्ह दाबण्याची मळसूत्री यंत्रे रोमन काळात चालू होती. परंतु दोन वस्तू जोडणारा लहान धातूचा स्क्रू दीर्घकाळ हातानेच घडवला जाई. कारागीर कानशीने एकेक आटा कोरी. साहजिकच एका स्क्रूचे आटे दुसऱ्याशी जुळत नसत, आणि एखादी चाकी हरवली तर तिच्या जागी दुसरी चालत नसे. इंग्लंडात 1760 साली जॉब व विल्यम वायट या बंधूंनी लाकडी कामाचे स्क्रू यंत्रावर करण्याचे पेटंट घेतले. 1800 च्या सुमारास हेन्री मॉडस्ले याने मळसूत्र कापण्याचा अचूक लेथ सिद्ध केला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली आट्यांचा कोन 55 अंश असावा आणि प्रत्येक जाडीला ठरावीक आटे असावेत, अशी योजना मांडली. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 साली 60 अंशांची योजना पुढे केली. पुढे आंतरराष्ट्रीय मेट्रिक आट्यांनीही हाच 60 अंशांचा कोन स्वीकारला. भारतात मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, तरी जुने मेस्त्री अजून ‘सुता’च्या हिशेबाने बोलताना आढळतात. मापे कागदावर बदलतात तितक्या लवकर ती जिभेवर बदलत नाहीत.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. एकोणिसाव्या शतकाने एवढा विचार केला तो आट्यांचा, म्हणजे स्क्रूच्या अंगाचा. त्याचे डोके मात्र पूर्वीसारखेच राहिले. एक सरळ खाच आणि तिच्यात बसणारा चपटा पेचकस, इतकाच सरंजाम. ही खाच करायला सोपी, पण तिच्यात पेचकस मध्यावर राहील याची हमी नाही. तो बाजूला घसरतो, लाकडावर ओरखडा उठतो, प्रसंगी कारागिराचा हात कापतो. कॅनडातील पीटर रॉबर्टसन याच्या हाताला असाच पेचकस लागला आणि त्यातून त्याने चौकोनी खाचेचा स्क्रू काढला, असे सांगतात. ऑन्टारिओ प्रांतातील मिल्टन गावी 1908 साली त्याचा कारखाना उभा राहिला. चौकोनी खाचेत पेचकस आपोआप मध्यावर बसतो आणि सहसा घसरत नाही. कॅनडात फोर्डच्या मॉडेल टी गाड्यांच्या सांगाड्यांत हे स्क्रू वापरले गेले. परंतु फोर्डला या स्क्रूच्या उत्पादनावर काही अधिकार हवा होता आणि रॉबर्टसनने तो दिला नाही, असे या विषयाचे अभ्यासक लिहितात. पेटंट म्हणजे संशोधकाला काही वर्षांपुरती मिळालेली मक्तेदारी. ती स्वतःजवळ राखायची की परवान्याने वाटायची, हा त्याचा हक्क आहे. रॉबर्टसनने ती राखली. हक्क त्याचा निर्विवाद होता, पण त्याचा परिणाम असा झाला की चौकोनी खाच मुख्यतः कॅनडात घर करून राहिली आणि जगाची बाजारपेठ दुसऱ्याच खाचेकडे गेली.

ती दुसरी खाच अधिकचिन्हाच्या आकाराची, जिला आपल्याकडे ‘स्टार’ म्हणतात. अमेरिकेतील पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सने जॉन थॉम्पसन नावाच्या संशोधकाकडून तिचे हक्क मिळवले, तिच्यात सुधारणा केल्या आणि 1936 साली पेटंटे घेतली. रॉबर्टसनने जे केले नाही ते फिलिप्सने केले. त्याने स्वतः कारखाना काढला नाही, तर कारखानदारांना परवाने दिले. अमेरिकन स्क्रू कंपनीने हे स्क्रू बनवले, जनरल मोटर्सने कॅडिलॅक गाडीवर ते प्रथम वापरले, आणि थोड्याच वर्षांत बहुतेक अमेरिकी मोटार कारखान्यांत ते रूढ झाले. याचे कारण उघड आहे. फिरत्या पट्ट्यावर गाडी पुढे सरकत असते, कामगाराच्या हातात यांत्रिक पेचकस असतो, आणि निमुळत्या खाचेत त्याचे टोक न पाहताही जाऊन बसते.

परंतु जो निमुळतेपणा पेचकसाला आत घेतो तोच त्याला बाहेरही ढकलतो. खाचेच्या भिंती उतरत्या असल्याने जोर वाढला की टोक त्या उतारावरून वर चढते आणि उसळते. हे मुद्दामच, स्क्रू अधिक आवळला जाऊ नये म्हणून, योजले होते असा लोकप्रवाद आहे. पण 1936 च्या पेटंटांत तसा हेतू आढळत नाही. तो उल्लेख नंतरच्या, 1942 साली अर्ज केलेल्या सुधारित पेटंटात येतो. हेतू आधीचा असो वा नंतरचा, आवळताना हा गुण सोयीचा ठरला. सोडवण्याच्या वेळी तोच अवगुण होतो, कारण रुतलेला स्क्रू सोडवताना जोर अधिकच लागतो.

आता ब्रेकच्या चकतीकडे वळू. चकतीचा ब्रेक इंग्लंडातील फ्रेडरिक लँचेस्टर याने 1902 साली पेटंट केला. पण त्या काळच्या धातूच्या अस्तरांचा कर्कश आवाज आणि झीज यांमुळे तो मागे पडला आणि ड्रमचे ब्रेकच सर्वत्र राहिले. 1953 साली ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत चकतीचे ब्रेक असलेली जॅग्वार गाडी जिंकली, आणि 1955 साली सित्रोएनने आपल्या डीएस गाडीच्या पुढच्या चाकांना ते दिले. तेथून ते सामान्य गाड्यांत उतरले. झिजली की सहज बदलता यावी म्हणून चकती तुंब्यावर नुसती बसवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. चाकाचे नट आवळले की चाक आणि तुंबा यांच्यामध्ये ती घट्ट दाबली जाते. मग त्या लहान स्क्रूचे काम काय? चाक बसेपर्यंत चकती हलू नये आणि तिची भोके जुळून राहावीत, एवढेच. होंडाच्या अनेक गाड्यांत हा स्क्रू सुमारे 10 न्यूटन-मीटर आवळतात, तर चाकाचे नट 108. ब्रेकचा भार कोण वाहतो, हे या दोन आकड्यांवरून समजते.

म्हणजे हा स्क्रू मुख्यतः कारखान्याच्या सोयीचा. त्याचे डोके आवळण्याच्या सोयीने घडलेले आणि त्याची जागा जोडणीच्या सोयीने ठरलेली. तो सोडवणारा मनुष्य या दोन्ही निर्णयांच्या वेळी कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हता. त्यात डोके शंकूच्या आकाराचे असल्याने चकतीच्या खोबणीत पाचरीसारखे बसते. ब्रेकच्या उष्णतेने ते तापते, निवते, पुन्हा तापते. पाणी आत शिरते. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापत असल्याने सांधा आणखी आवळला जातो. जपानी गाड्यांत आणखी एक फसवणूक आहे. त्यांच्या मानकाची खाच दिसायला फिलिप्ससारखीच, पण आतील आकार किंचित निराळा. फिलिप्सचे टोक तिच्यात पूर्ण खोल बसत नाही. घरोघरी असलेला 2 नंबरचा पेचकस 3 नंबरच्या खाचेत घातला तर डोके गेलेच म्हणून समजावे. हा दोष टाळण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. सहा पाकळ्यांची टॉर्क्स खाच 1967 साली अमेरिकेत निघाली, आणि तिच्या भिंती उभ्या असल्याने टोक उसळत नाही. फोक्सवॅगन पुष्कळ गाड्यांत हेच डोके वापरते.

उपाय याच कारणमीमांसेतून निघतो. ज्या हत्याराने टोक खाचेत दाबले जाईल आणि त्याच क्षणी फिरेलही, ते येथे उपयोगी. हातोडीचा घाव घालून चालवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर नेमके हेच करतो. घाव टोकाला आत रेटतो, थोडे फिरवतो आणि धक्क्याने गंजाची पकड मोडतो. आधी खाचेतील घाण कोरून काढावी, पाझरणारे तेल सोडून काही वेळ थांबावे आणि योग्य मापाचेच टोक घ्यावे. घाव घालण्यापूर्वी गाडी भक्कम स्टँडवर ठेवलेली असावी. नुसत्या जॅकवरील गाडीला हातोडीचे हादरे देणे जिवावर बेतू शकते. डोके आधीच गुळगुळीत झाले असेल तर दांड्याहून थोड्या मोठ्या, म्हणजे साधारण 8 मिलिमीटरच्या ड्रिलने डोकेच छेदून काढावे. डोके गेले की चकती मोकळी होते, आणि मागे उरलेला दांडा पकडीत धरून फिरवता येतो. चकती तरीही गंजाने चिकटून राहिली तर पुष्कळ चकत्यांत त्यासाठीच आट्यांची दोन भोके ठेवलेली असतात. त्यांत 8 मिलिमीटरचे बोल्ट आळीपाळीने आवळले की ती पुढे ढकलली जाते. नवा स्क्रू बसवताना आट्यांना गंजरोधक लेप अगदी पातळ लावावा. तेलाचा वा लेपाचा थेंब चकतीच्या घासणाऱ्या पृष्ठावर राहता कामा नये.

आमच्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. गोमंतकाच्या किनाऱ्यावरील खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस लोखंडाला क्षमा करीत नाही. बेळगावकडून चोर्ला घाट उतरून कुलदेवतेच्या दर्शनाला फोंडा महालात येणाऱ्या कुटुंबाचा जीव प्रत्येक वळणावर या चकत्यांवरच अवलंबून असतो. जुन्या चकतीचा स्क्रू निघत नाही म्हणून ‘चालेल अजून एक वर्ष’ असे म्हणत तीच ठेवण्याचा मोह कोणाला होत असेल, तर तो आवरला पाहिजे. स्क्रू मोडला तरी गाडी चालते. चकती संपली तर थांबत नाही. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो, गाडीला हार घालतो. त्या पूजेत हत्याराची जात ओळखून ते योग्य जागी वापरण्याची प्रतिज्ञाही अभिप्रेत आहे, असे आम्ही मानतो.

वकिलीच्या व्यवसायात आम्ही भागीदारीचे करार पाहतो. भागीदारी कशी सुरू व्हावी यावर पाने भरलेली असतात आणि ती कशी मोडावी यावर एक ओळही नसते. पुढे दिवाणी न्यायालयात जी वर्षे जातात ती त्या न लिहिलेल्या ओळीची किंमत असते. मळसूत्राच्या डोक्याने मेस्त्रीला तीच किंमत मोजायला लावली आहे. जो जोडतो त्याने सोडवणाऱ्याचाही विचार करावा, हा धडा टॉर्क्सच्या उभ्या भिंतींनी आणि चकतीतल्या त्या दोन भोकांनी थोडाफार घेतलेला दिसतो. बाकीच्या गाड्यांपुरते मात्र मेस्त्रीने योग्य टोक, तेल आणि थोडा धीर जवळ ठेवावा, आणि मालकाने त्या धिराची मजुरी खुशीने द्यावी.