माउलीच्या नावाचं विद्यापीठ

एखाद्या मोठ्या शिक्षणसंस्थेचा इतिहास सांगायला घेतला की संस्थापकाचं नाव येतं, साल येतं, इमारती येतात. तिथला स्वयंपाक कोण करायचं, धुणं कोण धुवायचं, हे सहसा कुणी सांगत नाही. आम्ही आज तिथूनच सुरुवात करणार आहोत.

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, साउथ बेंड शहराला लागून नोटर डेम नावाचं खासगी कॅथलिक विद्यापीठ आहे. होली क्रॉस संघाचे फ्रेंच फादर एडवर्ड सोरिन यांनी ते १८४२ साली स्थापन केलं. नावही फ्रेंचच, त्याचा अर्थ 'आमची माउली', म्हणजे येशूची आई मेरी. मुख्य इमारतीच्या सोनेरी घुमटावर तिचाच पुतळा उभा आहे.

स्थापनेनंतर वर्षभरातच फ्रान्सहून चार सिस्टर समुद्र ओलांडून तिथे आल्या. त्यांच्या वाट्याला आलं रांधणं, धुणं, शिवणटिपण आणि आजाऱ्यांची सेवा. वर्गात मुलगे बसायचे, आणि मुलग्यांची धुणी सिस्टरांकडे. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. १८४४ साली शेजारच्या मिशिगन राज्यात बर्ट्रंड गावी त्यांनी मुलींची शाळा काढली. १८५५ मध्ये ती विद्यापीठाशेजारी आली. तेच आजचं सेंट मेरीज कॉलेज.

या कॉलेजच्या सिस्टर मॅडेलेव्हा वुल्फ यांचं काम आम्हाला फार मोलाचं वाटतं. त्या काळी बाईला कॅथलिक धर्मशास्त्रात वरची पदवी घ्यायला प्रवेश मिळत नव्हता. धर्मासाठी आयुष्य द्यायचं, पण धर्म शिकायचा नाही! मग १९४३ मध्ये त्यांनी आपल्याच कॉलेजात तो अभ्यासक्रम सुरू केला. दार उघडत नसेल तर स्वतःचं दार बसवायचं, हे बचत गटातल्या बायकांना समजावून सांगायला नको.

विद्यापीठात मात्र उन्हाळी वर्गांना सिस्टर येत, वरच्या अभ्यासाला मोजक्या बायका येत. पदवीच्या नेहमीच्या वर्गांत फक्त मुलगे. १९७१ मध्ये विद्यापीठ आणि सेंट मेरीज एकत्र करायचं ठरलं. पैसा, कारभार, आपली ओळख राहते की नाही, अशा प्रश्नांवर ते वर्षाअखेर फिसकटलं. शेवटी अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांच्या काळात, १९७२ साली विद्यापीठाने स्वतःच मुलींना प्रवेश दिला. स्थापनेला तेव्हा १३० वर्षं झाली होती.

पहिल्या वर्षी ३६५ मुली आल्या. साधारण सतरा मुलग्यांमागे एक मुलगी. वॉल्श आणि बेडिन ही दोन वसतिगृहं मुलग्यांकडून काढून त्यांना दिली, आणि मुलगे कुरकुरले. तिथे वसतिगृहाला फार महत्त्व. प्रत्येकात छोटं चर्च, वसतिगृहा-वसतिगृहांचे आपसात सामने. त्यामुळे खोली सोडणं म्हणजे घर सोडण्यासारखंच. आम्हाला त्या मुलग्यांचा राग येत नाही, पण ज्या वर्गात चाळीस डोळे आपल्याकडे वळतात तिथे रोज जाऊन बसायचं, हे जास्त अवघड आहे.

त्याच १९७२ च्या जून महिन्यात अमेरिकेत 'टायटल नाइन' कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेने मुलगा-मुलगी भेद करायचा नाही, असा तो कायदा. तो आणण्यात खासदार पॅट्सी मिंक यांचा मोठा वाटा होता. त्यांना डॉक्टर व्हायचं होतं, पण बाई म्हणून मेडिकल कॉलेजांनी नाकारलं होतं. खासगी कॉलेजांच्या पदवी-प्रवेशाला या कायद्यात सूट होती, म्हणून मुलींना घेण्याचा निर्णय नोटर डेमचा स्वतःचा. पण एकदा मुली आल्या की खेळालाही कायदा लागू.

आणि नोटर डेम म्हणजे फुटबॉल! तो त्यांचा अंडाकृती चेंडूचा, धडकाधडकीचा फुटबॉल. त्यासाठी १९३० मध्ये भलंमोठं स्टेडियम बांधलं. अशा ठिकाणी मुलींच्या खेळाकडे कोण बघणार? मुलींचा बास्केटबॉल संघ विद्यापीठाचा अधिकृत संघ झाला १९७७ मध्ये. दहा वर्षांनी मफेट मॅग्रॉ प्रशिक्षक म्हणून आल्या आणि पुढे ३३ हंगाम राहिल्या. २००१ च्या अंतिम सामन्यात परड्यू विद्यापीठाशी गाठ होती. सहा सेकंदही उरले नव्हते, गुण बरोबरीत, तेव्हा रूथ रायलीने दोन्ही फ्री थ्रो टाकले. ६८-६६. माउलीच्या नावाच्या विद्यापीठाला बास्केटबॉलचं हे राष्ट्रीय विजेतेपद मुलींनी आणून दिलं. २०१८ मध्ये दुसरं आलं, तेही अरिके ओगुनबोवालेने अगदी शेवटच्या क्षणी टाकलेल्या चेंडूवर. मुलग्यांच्या संघाला ही स्पर्धा अजून जिंकता आलेली नाही, हे सांगायचा मोह आम्हाला आवरत नाही.

मॅग्रॉबाईंनी आपले सहप्रशिक्षकही बायकाच नेमले होते, आणि त्याबद्दल विचारलं तर त्या स्पष्ट बोलत. २०२० मध्ये त्या निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी आल्या नीली आयव्ही, २००१ च्या त्या विजयी संघातल्याच खेळाडू. आज पदवीच्या वर्गांत मुली जवळपास निम्म्या आहेत. आणि रस्त्यापलीकडे सेंट मेरीज अजूनही फक्त मुलींचंच कॉलेज आहे.